मेंढरांचा दुमान

बेकिर वाड्यावरून मेंढरं कोंडून आला, तर चुलीपाशी कुत्र्याचं पिल्लू हातपाय ताणून पडलेलं आणि त्याच्या अंगावर बेकिरचीच जुनी लोकरी बंडी. दारातच त्याचं टाळकं सणकलं. मिशीतला बर्फसुद्धा त्यानं झटकला नाही.

"ह्ये घरात कशापायी?"

त्याची बायको येतेर पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "भाईर गारठून मरंल."

"त्येचा बाप बर्फात झोपतो. त्येचा आजाबी बर्फातच झोपायचा."

"त्यास्नी कुशीत घ्यायला आया व्हत्या. ह्येला कोन हाय?"

बेकिरनं पिल्लाला मानगुटीला धरून उचललं आणि बाहेर नेऊन ठेवलं. येतेर पिठाच्या हातांनी गेली आणि त्याला परत घेऊन आली. दोघांनी हे तीनदा केलं. शेवटी बेकिर जेवायला बसला, कारण गव्हाच्या दलियाचा भात गार होत होता. पिल्लू त्या दिवसापुरतं घरात राहिलं, आणि भांडण मात्र पुढं दीड वर्ष टिकलं.

तुर्कस्तानातल्या कांगालच्या त्या पठारावर झाड म्हणून नाही. वारा सुटला की गावाच्या एका टोकाला शिरतो नि दुसऱ्या टोकाला निघतो, मधे त्याला अडवायला काही नसतं. तिथं मेंढरांवर जगणाऱ्याला कुत्र्यावाचून भागत नाही. यांचा म्हातारा कुत्रा त्या वर्षी बर्फ पडायच्या आधीच लांडग्यांनी फाडला. त्याच्याबरोबर अकरा मेंढ्या गेल्या. मग बेकिरनं भावाकडून हे दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. रंग वाळक्या गवताचा, तोंड काळं, आणि पंजे असे की ते दुसऱ्या कुणाचे तरी घातलेत असं वाटावं. येतेरनं त्याचं नाव दुमान ठेवलं. दुमान म्हणजे धूर. तिचं स्वतःचं नाव बापानं ठेवलेलं. चार मुलींवर पाचवी झाली तेव्हा तो 'येतेर' म्हणाला, म्हणजे पुरे, आणि तेच नाव पडलं. गावात ह्या नावाच्या सहाजणी होत्या, त्यामुळं कुणाला त्यात काही वाटत नसे.

पिल्लू येऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच ते आजारी पडलं. आधी खाणं सोडलं, मग ओकलं, आणि सकाळी त्याच्याखाली सगळं रक्ताचं पाणी झालेलं दिसलं. बेकिरनं लांबूनच पाहिलं आणि कुदळ शोधायला लागला. असली हगवण लागलेलं पिल्लू वाचत नाही, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. येतेरनं पिल्लाला ओढणीत गुंडाळलं नि तालुक्याला जाणाऱ्या गाडीत जाऊन बसली. त्या वासानं लोकांनी नाकं धरली. ड्रायव्हरनं तिला मागच्या दारापाशी बसवलं आणि थंडीत सगळ्या काचा उघड्या ठेवल्या.

जनावरांची डॉक्टरीण वयानं तिच्या धाकट्या पोराएवढी होती. तिनं पिल्लाच्या कातड्याखाली पाणी चढवलं, दोन सुया टोचल्या आणि खोटा दिलासा दिला नाही. दहातली आठ मरतात, म्हणाली. तासातासाला चमचाभर मीठसाखरेचं पाणी पाजा, अंग गरम ठेवा, ह्याच्या खालची फडकी जाळा, आणि हात धुतल्याशिवाय दुसऱ्या कुत्र्याला शिवू नका.

भाकरी भाजायच्या खोपटात भट्टी होती. येतेर सहा दिवस तिथंच राहिली. घरात बेकिर शिळंपाकं खाऊन धुसफुसत होता. येतेरला अब्ला, म्हणजे ताई, म्हणणारी शेजारची मेनेक्शे ताक घेऊन आली, उंबऱ्यावरच थांबली नि म्हणाली, "अब्ला, पोटच्या पोरांसाठनं तरी यवडं केलं व्हतंस का? त्ये दोघं इस्तंबूलला बांधकामावर सिमिट कालवत्यात. ईदीला फोन करत्यात का?"

"करत्यात," येतेर म्हणाली. पोरांनी मागच्या ईदीला फोन केला नव्हता. मेनेक्शेलाही ते माहीत होतं.

सातव्या दिवशी दुमाननं मान उचलली आणि तिचं बोट चोखलं. येतेर खोपटातून बाहेर आली, आणि उजेड सोसेना म्हणून बराच वेळ डोळ्यांवर हात धरून उभी राहिली.

त्यानंतर तिनं जे केलं ते कुणीही केलं असतं. वाचलेल्या जिवाला तिनं खाऊ घातलं. कुत्र्यासाठी तिकडं जवाच्या पिठाचा घाटा असतो, तेवढ्यावर ती थांबली नाही. दूध, अंडी, सायीची खरड, मेंढीची चरबी, जे हाताला लागेल ते. पिल्लू फुगत चाललं. पाचव्या महिन्यात त्यानं पुढचे पाय तिच्या खांद्यावर टेकले तर ती मागं झुकायची. गावातले लोक बघायला यायचे. मग एक दिवस तिच्या ध्यानात आलं की त्याचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकलेत, मनगटाच्या जागी गाठी आल्यात आणि तो उठताना कण्हतो.

पुन्हा तालुका. डॉक्टरणीनं पाय दाबून पाहिले आणि विचारलं, काय काय घालता? येतेरनं अभिमानानं सगळं सांगितलं. पोरीनं पिल्लाचा पाय हळूच खाली ठेवला.

"मावशी, हे मोठ्या हाडाचं जनावर आहे. ते हळू वाढायला पाहिजे. हाडं अजून कच्ची आहेत आणि तुम्ही त्यावर मांस चढवलंत. अंगाचं ओझं पायांना पेलवत नाही."

"म्हंजी मीच केलं?"

"मायेनं केलंत," डॉक्टरीण म्हणाली. येतेरला ते लागायचं तिथं लागलं.

त्या दिवसापासून घाटा मोजून. चरबी बंद, उड्या बंद, ओल्या फरशीवर बांधणं बंद. दुमान रिकामं भांडं तोंडात धरून दारापाशी आणायचा आणि तिच्या पायांपाशी ठेवायचा. ती भांडं उचलून फळीवर ठेवायची आणि पाठ फिरवायची. दोन महिने हे चाललं. पाय बरेचसे सरळ झाले. डावं मनगट मात्र किंचित बाहेरच राहिलं.

वसंतात मेंढ्या व्यायल्या. बेकिर म्हणाला, आता ह्याला कळपाची सवय लागू दे, आणि दुमानला वाड्यात सोडलं. सात महिन्यांचं ते धूड कोकरांना बघून वेडं झालं. त्याला वाटलं आपल्यासारखीच ही सगळी. तो त्यांच्यामागं पळायचा, कान ओढायचा, पालथं पाडायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं एक कोकरू मानेला धरून हवेत उडवलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ते हललं नाही. येतेर धावत पोचली तेव्हा तो कोकराशेजारी पोटावर बसला होता, शेपूट हलवत. ते उठायची वाट बघत होता.

बेकिरनं घरातून बंदूक आणली. कोकरू मारणारं कुत्रं कुणी ठेवत नाही, पठारावर ह्याला दुसरा कायदा नाही.

येतेर मधे उभी राहिली नाही, ओरडलीही नाही. मेलेलं कोकरू उचलून तिनं नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं.

"चूक माजी हाय," ती म्हणाली. "मेंढराची वळख व्हायच्या वयात म्या त्येला खोपटात ठिवला. त्येला मान्सं तेवडी ठावं. मला गवत कापनीपत्तूर टाईम द्या. तवर न्हाई सुधारला तर मी पकडून धरीन, तुमी मारा."

बेकिरनं थोडा विचार केला. दुसरं पिल्लू पुढच्या वर्षाशिवाय मिळणार नव्हतं. त्यानं बंदूक खुंटीला टांगली आणि दुमानच्या गळ्यात हातभर लाकडाचं लोढणं बांधलं. पळायला लागला की लाकूड गुडघ्यांवर आपटायचं. येतेरनं त्याला कोकरांतून काढून म्हाताऱ्या मेंढ्यांमधे कोंडलं. त्यांच्यात एक शिंगांचा एडका होता, त्याला कुणाचंच कौतुक नव्हतं. त्यानं दुमानला आठ दिवसांत एवढ्यांदा भिंतीला चेचलं की पुढं नुसता एडका वळला तरी कुत्रं नजर खाली घालायचं. रोज येतेर त्याला दोरीला धरून कळपातून फिरवायची. कोकराकडं तोंड वळलं की दोरीला हिसका. गवत कापणीला अजून महिना होता तेव्हाच कोकरं त्याच्या अंगावरून उड्या मारायची आणि तो डोळे मिटून पडून राहायचा.

येतेरला वाटलं, सुटले. पण खरं दुखणं पुढंच होतं.

कळप लांब चरायला जायला लागला तेव्हा दुमान सकाळी बेकिरबरोबर निघायचा आणि दुपार व्हायच्या आत एकटाच घरी यायचा. अंगणात येऊन येतेरच्या घागऱ्याला तोंड घासायचा आणि तिथंच सावलीला पडायचा. बेकिर बांधून न्यायचा, तो दोर तोडून यायचा. एकदा त्याच्या मागं मोकळ्या राहिलेल्या कळपातली मेंढी लांडग्यानं भर दुपारी उचलली.

संध्याकाळी बेकिर घरी आला तो चिडलेला नव्हता. तेच वाईट होतं. तो पायरीवर बसला, पायांतले जोडे काढले आणि बोलला.

"ह्ये कुत्रं मेंढरांचं न्हाई, तुजं हाय. उद्या आलं की दगड मार."

"तुमी मारा की."

"म्या मारला तर त्ये मला भिऊन तुज्याकडंच पळंल. तूच मारायला पायजे. लागंल असा मार. न्हाईतर मग बंदूक हायेच."

येतेरनं त्याचे जोडे उचलून कडेला ठेवले. त्याचं म्हणणं चुकीचं असतं तर तिनं भांडून घर डोक्यावर घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुमान उतारावरून येताना दिसला. तिनं दगड उचलला आणि मुद्दाम बाजूला फेकला. दुमान धावला, दगड तोंडात धरून आला आणि तिच्या पायांपाशी ठेवून वर बघत राहिला. मेनेक्शे कुंपणापलीकडून बघत होती. ती हसायला लागली आणि मग हसायची थांबली.

येतेरनं तोच दगड उचलला. त्याला थुंकी लागलेली होती. ह्या वेळेला तिनं नेम धरला आणि दगड त्याच्या डाव्या मनगटावर बसला. दुमान ओरडला तो लहानपणच्या आवाजात. तीन पायांवर मागं गेला, वीस पावलांवर बसला आणि तिच्याकडं बघायला लागला. तिनं दुसरा मारला. तिसरा मारला. तोंडानं शिव्या देत होती, आपल्याला एवढ्या येतात हे तिलाही ठाऊक नव्हतं. तो उतारावरून वर गेला, दोनदा थांबला, दोनदा मागं वळला. दोन्ही वेळेला तिच्या हातात दगड होता.

दुसऱ्या दिवशी तो निम्म्या वाटेपर्यंत आला. तिसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्या दिवशी बेकिर जेवताना म्हणाला, "झालं काम." येतेरनं त्याला आणखी वाढलं.

पुढच्या उन्हाळ्यात बेकिर कळप घेऊन वरच्या कुरणांवर गेला. दुमान आता पुरता भरला होता, गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता. खाली गावात बातम्या यायच्या. दुमाननं तीन लांडगे पिटाळले. दुमाननं एका लांडग्याची मान मोडली. चहाच्या दुकानात लोक म्हणायचे, कुत्रा वाढवावा तर बेकिरनं. बेकिर गावात आला की त्याला फुकट चहा मिळायचा. दुमानला काय घातलं, कसं शिकवलं, असं लोक विचारायचे आणि तो सांगायचा. मेनेक्शेचा नवरा घरी येऊन ते सगळं सांगायचा आणि मेनेक्शे येतेरला सांगायची.

"तू काय म्हनत न्हाईस व्हय, अब्ला?"

"काय म्हनायचं? कुत्रा चांगला हाय," येतेर म्हणायची.

ऑगस्टात बेकिरचा निरोप आला. लांडग्यानं दुमानचा खांदा फाडलाय, जखमेत किडे पडलेत, तो कुणाला जवळ येऊ देत नाही. तू ये.

औषध, फडकी, गरम पाण्याची बाटली आणि भाकऱ्या पाठीला बांधून येतेर चार तास चढून गेली. वर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि मेंढरं तोंडं एकमेकांखाली घालून उभी होती. दुमान पलीकडून उठला. तिनं नावानं हाक मारली. वारा तिच्याकडून त्याच्याकडं वाहत होता. त्यानं नाक वर केलं, वास घेतला आणि दात दाखवले.

"वळखलं न्हाई तुला," बेकिर म्हणाला. "दीस बी लई झालं."

येतेरनं पाठीवरचं ओझं उतरवलं. दुमाननं ओळखलंय हे तिला दिसत होतं.

बेकिर म्हणाला, फास टाकून पाडू. ती नको म्हणाली. ती कळपाच्या कडेला जाऊन पाठमोरी बसली आणि बसून राहिली. उन्हानं मान भाजली. बऱ्याच वेळानं एक म्हातारी मेंढी भाकरीच्या वासानं जवळ आली. येतेरनं तिला तुकडा दिला आणि हळूच तिच्या लोकरीत हात घालून तिला धरून ठेवलं. मेंढी परक्याच्या हातात दिसली तसा दुमान आला. गुरगुरत आला आणि मेंढीच्या नि तिच्या मधे आडवा उभा राहिला. त्याचा फाटका खांदा तिच्या तोंडापाशी होता. वास सहन होत नव्हता.

एका हातानं तिनं मेंढी धरली होती. दुसऱ्या हातानं जखम धुतली, किडे वेचले, औषध भरलं. तो थरथरत होता, पण हलला नाही. त्याची नजर मेंढीवर होती. सगळं झाल्यावर येतेरचा हात चुकून त्याच्या कानामागं गेला, लहानपणी खाजवायची तिथं. दुमान वळला आणि त्यानं तिचं मनगट दातांत धरलं. चावला नाही. नुसतं धरलं, पुरेसं घट्ट, आणि तिनं मेंढी सोडल्यावर मगच सोडलं. मग तो मेंढीला खांद्यानं ढकलत कळपात घेऊन गेला.

बेकिर लांबून बघत होता. पहिल्यांदाच त्याचा चेहरा ओशाळलेला दिसला.

"जनावर कुनाचंच न्हाई बग," तो म्हणाला.

"मेंढरांचं हाय," येतेर म्हणाली. मनगटावर चार दातांचे वळ उठले होते, त्यांवरून तिनं बाही खाली ओढली. "आठ दिवसांनी पुन्यांदा औषध भरायला लागंल. मी यीन. त्येला सांगू नका मी यनार म्हनून."

बेकिरला हसावं की नाही ते कळेना. तिनं उरलेल्या भाकऱ्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या, रिकामी बाटली पाठीला बांधली आणि उतार उतरायला लागली. तिला बरंच खाली जायचं होतं.