माठाच्या झाकणाखाली

"ही गोष्ट तुमी खरी मानणार नाय. मानलीत तर माझी एका बाजूची मिशी उतरवीन!" दाजींनी बशीतला चहा संपवून जाहीर केलं.

गडब गावात हमरस्त्यावर, महिपतीच्या दुकानात माणसं जमली की दाजींची गोष्ट सुरू व्हायची. ते शाळेच्या समितीवर होते, त्यामुळे माल ताजा असे. आदिवासीवाडीवरचा मोतीराम तेव्हा टेम्पोतून मिठाच्या गोणी उतरवत होता. दाजींनी त्याच्याकडे हनुवटी केली. "ह्याच्या पोरीची, पारीचीच गोष्ट हाय."

तर झालं असं. पेणहून नव्यानं आलेल्या कृष्णाबाईंनी पाचवीच्या वर्गात दशांशांची शोधाशोध मांडली. पुठ्ठ्याच्या एकेका चिठ्ठीवर एकेक संख्या. कुठली नकाशामागे, कुठली खडूच्या डब्यात. प्रत्येक पोराला वेगळा इशारा. चिठ्ठी शोधायची आणि लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावायची. पोरांनी असा धुडगूस घातला, की कौलांवरची माकडं थेट रामवाडीला जाऊन थांबली!

गुणाजीची सरू शून्य पूर्णांक पंचेचाळीस शतांश घेऊन मोठ्यांच्या टोकाला उभी राहिली. पंचेचाळीस म्हणजे मोठंच की! बाई हसल्या. "अगं, नुसता आकडा बघू नकोस, तो कुठल्या घरात बसलाय ते बघ. शून्य पूर्णांक पाच दशांश तुझ्यापेक्षा मोठा. तो कुणाकडे आहे?"

कुणीच हलेना. कोपऱ्यात पारी हात पाठीमागे घेऊन उभी होती.

"बाई, तिनंच लपवली," सरू म्हणाली. "वाडीवरची हाय ती. आमच्यात काय हरवलं, की पयली झडती त्यांचीच."

पुठ्ठ्याचा तुकडा चोरून कोण काय करणार? पण ती चिठ्ठी बाईंनी पाण्याच्या माठावर झाकणाखाली ठेवली होती, आणि पारीला माठाजवळ घुटमळताना त्यांनी पाहिलं होतं. सकाळी खडूही कमी वाटले होते. परवा पट्टी सापडत नव्हती. एका संशयाला बसायला पाट दिला, की तो सगळं बिऱ्हाड घेऊन येतो. झाकण उचलून बघावं, हे मात्र बाईंना सुचलं नाही.

"हात दाखव." हात रिकामे.

"दप्तर आण."

दप्तर पालथं केलं, तर आतून खेकडा! आईच्या कालवणासाठी ओढ्यात धरलेला. दाजींच्या मते परातीएवढा. पोरं बाकांवर चढली, खिदळली. पारी हसली नाही.

"आय म्हणलीय, परत झडती झाली तर शाळा बंद."

बाई वरमल्या. "मग चिठ्ठी कुठंय गं?"

"तिथंच हाय. झाकणाखाली. इशारा वाचला तवाच कळलं."

"मग घेतली का नाहीस?"

"माठाला आमी हात नाय लावायचा. आमाला पाणी वरनं ओततात."

बाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला माठापाशी नेलं. "उचल झाकण."

"बाई, पाणी बाटंल!" सरू ओरडली.

झाकण उचललं. चिठ्ठी होतीच. "आता मला पाणी दे," बाई म्हणाल्या. पारीनं पेला बुडवला, बाई घटाघटा प्यायल्या. मग पारी चिठ्ठी घेऊन सरूच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"आणि पुढं काय सांगू!" दाजींचा आवाज चढला. "सारा गाव शाळेत लोटला. गुणाजी प्यायला, मी वंजळ धरली. पाण्याला अशी गोडी, की रोह्याहून लोक गाड्या करून आले! तवापासून त्या माठाला सगळ्यांचा हात लागतो."

"वा दाजी!" महिपतीनं मांडीवर थाप मारली.

मोतीरामनं पाठीवरची गोण खाली टाकली.

"खोटं."

सगळे वळले.

"बाई प्यायल्या, ते खरं. पुढलं खोटं, दाजी. माठ बाटला म्हणून दुसऱ्या दिशी तो उचलून न्यायला तुमीच मला बोलावलंत. माझ्या घरात हाय तो. पारी आता त्यातलंच पाणी पिते. शाळेत जात नाय."