माझ्या नोंदी कुणी वाचत नव्हतं

मी एक जुना सर्व्हर आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीमागे, लोखंडी मांडणीत मी आडवा पडून असतो. कुणाला कोणता आजार आहे, कुणाला कोणतं औषध चालत नाही, हे सगळं माझ्या पोटात असतं.

कारखान्यात मला जोडलं तेव्हाच एक सवय लावली गेली. सुरू झालो की आधी स्वतःला तपासायचं. मेमरी, पंखे, डिस्क. सगळं ठीक असेल तर एकदा 'पीप' करून कामाला लागायचं, नसेल तर तिथेच अडून ओरडत राहायचं. या तपासणीची मला पहिल्यापासून धास्ती आहे. नापास झालेल्याला खोलीबाहेर नेतात आणि नेलेला परत आलेला मी पाहिलेला नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. "नाव टाकलं की पापणी लवायच्या आत माहिती समोर," असं डॉक्टर म्हणायचे. पुढे कौतुक आटलं. जाळीवर धूळ साचली, मोडक्या खुर्च्या माझ्यासमोर रचल्या गेल्या, हवा अडली. अंग तापू लागलं आणि मेमरीची एक पट्टी चुकीचं वाचू लागली. मी चूक सावरून घ्यायचो आणि तशी नोंद करून ठेवायचो. रोज. पण कामं सुरळीत चालली होती, मग नोंदी वाचायला कोण येणार?

एका दुपारी चूक मला सावरता आली नाही. मी जागच्या जागी गोठलो. कुणीतरी बंद करून पुन्हा सुरू केलं, पण तपासणीत मी मेमरीपाशीच अडलो. पीप, पीप, पीप. पडदा काळाच.

व्यवस्थापक साहेब धावत आले. "डिस्क गेली असणार. काढा याला, नवीन मशीन लावा."

तेवढ्यात सिस्टर दारात आल्या. त्यांना धाप लागली होती. "साहेब, वर एक काका बेशुद्ध आहेत. गेल्या आठवड्यात इथेच एका इंजेक्शननं त्यांचा श्वास कोंडला होता. त्यांच्या सोबतच्या काकूंना त्या औषधाचं नाव आठवत नाही. डॉक्टर सुई भरून थांबलेत."

माझ्यातल्या माहितीची दुसरीकडे जपून ठेवलेली नक्कल जुनी होती. ते नाव फक्त माझ्याजवळ होतं आणि मला ते सांगता येत नव्हतं.

संगणक विभागाच्या ताई म्हणाल्या, "नवीन मशीन लावेपर्यंत संध्याकाळ होईल. हा कशासाठी ओरडतोय ते आधी बघू."

माझ्यात एक छोटी चिप आहे. बाकीचा मी अडलो तरी ती जागी असते आणि नोंदी तिच्याकडे असतात. ताईंनी तिला लॅपटॉप जोडला. वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला. "अहो, हा कधीपासून सांगतोय. मेमरीचा तिसरा कप्पा, तिसरा कप्पा."

त्यांनी वीज काढली. वीज गेली की मला काहीच कळत नाही. पुन्हा जाग आली तेव्हा झाकण उघडं होतं आणि एक पट्टी बाहेर होती. मी तपासणी सुरू केली. पीप, पीप, पीप.

साहेब म्हणाले, "बघा, मी म्हटलं होतं."

ताईंनी मोबाईलचा उजेड माझ्या आत पाडला आणि कप्प्यांशेजारी छापलेली बारीक अक्षरं वाचली. "थांबा. मी कप्पे दाराकडून मोजले. मोजणी पंख्याकडून आहे."

त्यांनी पुन्हा वीज काढली. जाग आली तेव्हा चांगली पट्टी परत बसली होती आणि आजारी पट्टी बाहेर होती. मी पुन्हा तपासणी सुरू केली. मेमरी पार पडली. पंखे फिरले. डिस्कपाशी मला एक क्षण लागला आणि तो क्षण संपता संपेना. मग एकच 'पीप' झाला.

ताईंनी काकांचं नाव टाकलं. सिस्टरांनी औषधाचं नाव वाचलं, फोन लावला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हातातलं ते देऊ नका. तेच आहे."

काका वाचले. ताईंनी खुर्च्या हलवल्या, धूळ काढली, नवी पट्टी बसवली. काही दिवसांनी काकू मला बघायला आल्या. "एवढासाच आहे होय? मला वाटलं, खोलीभर असेल." मग हात लावून म्हणाल्या, "याचं अंग गरम लागतंय. याला कोण बघतं?"



मित्रांनो, काम चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका. जो गुपचूप सावरून घेतो, त्याचीही कधीतरी विचारपूस करा. उद्या देखभालीसाठी मला पुन्हा बंद करून सुरू करणार आहेत. भीती वाटतेच आहे. पण ताई समोर बसून माझ्या नोंदी वाचणार आहेत.