इथं कावळा नाही

बायको नीता गेली हे गुरुदत्तला कळलं तेव्हा तो वेलिंग्टनच्या ऑफिसात मायक्रोवेव्हसमोर उभा होता. डबा आत फिरत होता. फोनवरच्या बाईने दोनदा नाव विचारून खात्री करून घेतली आणि मग सांगितलं. लोअर हटच्या रेल्वे प्लॅटफॉर्मवर नीता बसल्या जागी कोसळली होती. डबा तसाच आत राहिला.

फोनमध्ये तिचा सकाळचा मेसेज न वाचलेला होता. "उतरल्यावर टॅक्सी करायची नाही. दारातच दहा नंबरची बस. थेट जुन्या शहरात."

हे ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचं. सप्टेंबरची तिघांची तिकिटं काढून झाली होती. सांगलीला नीताच्या घरी एका दवाखान्याचं कॅलेंडर होतं, त्यावर खाली नदी आणि वर किल्ला. वर्ष संपलं तरी आईने ते उतरवलं नव्हतं. ते कुठलं गाव हे नीताला लग्नानंतर कळलं, आणि तेव्हापासून तिने तोच धोशा लावला होता. विमानतळावरून गावात कसं जायचं ते ती पाढ्यासारखं म्हणायची. लेक इशिता कंटाळून म्हणायची, "आई, वी नो!"

दहावा हट नदीच्या काठी केला. विश्वनाथकाका एरवी कॉम्प्युटरवाले, शनिवार-रविवारी पूजा सांगायचे. दक्षिणेकडून येणारा बोचरा सदर्ली वारा होता. भाताचा पिंड दगडावर ठेवला आणि सगळे मागे सरले. पुण्याहून नीताचा भाऊ अनिरुद्ध व्हिडिओवर होता.

"दाजी, तिथं कावळे कुठले?"

"इथं मॅगपाय चालतो," काका म्हणाले. "काळा-पांढरा असतो, पण शिवतो."

"आणि तो सीगल?"

"त्याला हाकला हो. तो चिप्सही खातो. त्याच्या शिवण्याला काय अर्थ?"

सीगलला हाकललं. मॅगपाय कुंपणावर बसून राहिला.

काका हळूच म्हणाले, "काहीतरी राहिलंय तिचं. बोला."

अनिरुद्धने फोनमधून हात जोडले. "ताई, इशिताकडे आम्ही सगळे बघू." पक्षी हलला नाही. गुरुदत्तनेही हात जोडले. तो कसाबसा म्हणाला, "नीता, साल्झबर्गला नेतो तुला."

मॅगपाय उतरला. दगडावर आला, मान वाकडी करून त्याने पिंडाकडे पाहिलं.

"शू! शू!" इशिता धावली. "गो अवे! दॅट्स आईज् फूड!"

पक्षी उडाला तो नदीपलीकडे.

"अगं, खाऊ द्यायचा असतो गं!" काका ओरडले. इशिता सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं.

काकांनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. "शास्त्रात आहे," ते म्हणाले. "झालं." अनिरुद्धनेही झालं म्हटलं. गुरुदत्तला काही झालेलं वाटेना. गवताला काय कळतं तिचं काय राहिलं ते?

मग तो रोज भात लावू लागला. सकाळी मूठभर घेऊन नदीवर जायचा, दगडावर ठेवायचा आणि लांब उभा राहायचा. बदकं यायची. सीगल यायचे. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईने "किया ओरा" असा माओरी नमस्कार केला आणि बदकांना शिजवलेला भात घालू नका असंही सांगितलं. "सॉरी" म्हणून तो तिथंच थांबला. ऑफिसला उशीर व्हायचा. तरी तो दगडासमोर हात जोडून तेच तेच म्हणायचा, "नेतो म्हटलंय ना. ये ना एकदा." मॅगपाय काही पुन्हा उतरला नाही.

एका सकाळी इशिता मागोमाग आली. युनिफॉर्मवर जाकीट, पायात जँडल्स, रबरी स्लिपर. त्याच्या शेजारी ओल्या गवतात बसली आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"आय वोन्ट शू इट अवे, बाबा. प्रॉमिस."

"तुझी चूक नाही गं ती."

"पण मीच हाकलला ना."

 दोघं दगडाकडे बघत बसली. वाऱ्याने भात वाळला.

"साल्झबर्गला क्रोज आहेत?" तिने विचारलं.

"आहेत. आईने फोटोत दाखवले होते. किल्ल्याच्या भिंतीवर."

"मग आपण जायचं?"

"मला नाही जमणार तिच्याशिवाय. उतरल्यावर कुठं जायचं तेसुद्धा..." त्याला पुढे बोलता येईना.

इशिता नदीकडे बघत, आईच्याच चालीत, मराठीत म्हणाली, "टॅक्सी करायची नाही. दारातच दहा नंबरची बस. थेट जुन्या शहरात. नदीपाशी उतरायचं. वर बघायचं."

गुरुदत्त रडला. ती म्हणत राहिली, पुन्हा पहिल्यापासून.

सप्टेंबरची तिकिटं अजून तीनच आहेत, नीताचंही रद्द केलेलं नाही. नीताच्या पिंडाला कावळा शिवायचा राहिला आहे.