काटा की रेशीम

लिनआन शहराकडची रीत सरळ होती. मुलगी पसंत पडली, की मुलाची आई स्वतःच्या हाताने तिच्या अंबाड्यात सोन्याचा काटा खोवायची. नाही पडली, तर बिचारी घाबरली असेल म्हणून रेशमाचे दोन तागे ठेवून निघून जायची. एकदा काटा खोवला की मुलगी त्या घरची झाली. तो उपसून परत करणारीला पुन्हा कोणी दारात उभं करत नसे.

यिंगसूला रेशीम हवं होतं. क्वांगांच्या थोरल्या मुलाच्या दोन बायका सहा वर्षांत गेल्या होत्या, आणि कशाने गेल्या ते कोणी सांगत नव्हतं. आई म्हणे, योगायोग. विधवेच्या पोरीला असं तालेवार स्थळ चालून आलं, की आयांना सगळा योगायोगच वाटतो.

म्हणून यिंगसूने रोगट दिसायचं ठरवलं. तांदळाची पूड फासून तोंड पांढरंफटक केलं, आणि चहा पुढे करताना ती अशी खोकली, की निम्मा चहा जमिनीवर.

"अगं बाई! सकाळी तर चांगली होतीस," आई कळवळली.

स्थळ आणणारी तौ मावशी सावरायला धावली. "थंडी बाधलीय हो. बाकी पोर म्हणजे नुसती..."

"तुम्ही गप्प बसा," मुलाची आई, क्वांगबाई म्हणाल्या. "काय गं, कधीपासून खोकतेस?"

"लहानपणापासून," यिंगसूने ठोकून दिलं. "जिना चढले तरी धाप लागते. वैद्यांनीसुद्धा हात टेकले."

आई आ वासून बघतच राहिली. क्वांगबाईंच्या चेहऱ्यावर मात्र पहिल्यांदाच हसू आलं. तागे घेऊन बसलेल्या मोलकरणीकडे त्यांनी पाहिलंही नाही. बाहीतून काटा काढून त्या उठल्या. यिंगसू मागे सरकली, पण मागे भिंत होती. थंडगार सोनं टाळूला घासत अंबाड्यात शिरलं.

"आमच्या मुलाच्या पत्रिकेत चौथी बायको टिकणार आहे," त्या तिच्या कानाशी पुटपुटल्या. "तू तिसरी. पहिल्या दोघी फार धडधाकट निघाल्या गं. सहा वर्षं गेली आमची."

यिंगसू आईकडे वळली. ती ओरडली, "आई, मला काही झालेलं नाही! मी खोटंच खोकत होते!"

आईचा जीव भांड्यात पडला. "बघा, नाटकी कार्टी! मला उगाच घोर लावला." आणि डोळे पुसत तिने विहीणबाईंना वाकून नमस्कार केला.

"असू दे," क्वांगबाई तौ मावशीला म्हणाल्या. "मुहूर्त मात्र याच महिन्यातला काढा."