डोकी मोजतो मी, घरं नव्हे

वर बघा, दाराच्या चौकटीवर. ही काळी डबी दिसतेय ना, तोच मी बोलतोय. सोलापुरातल्या एका कापड दुकानात शिरणारी डोकी मोजणं हे माझं काम. माझा आकडा रोज पुण्याच्या ऑफिसात जातो. तिथले साहेब आलेली माणसं आणि झालेली बिलं शेजारी मांडून ठरवतात, कुठली शाखा ठेवायची आणि कुठली बंद करायची.

मी शिस्तीचा. कडेवरचं पोरसुद्धा सोडत नाही. त्याचा मला तोराही आहे.

ऐन लगीनसराईत साहेबांचा फोन आला. "गर्दी भरपूर, बिलं मोजकीच. तुमच्या लोकांना गिऱ्हाईक टिकवता येत नाही. महिनाअखेर शाखा बंद करतोय."

दुकान सांभाळणाऱ्या सिद्धेश्वरीने फोन ठेवला. तिची आणि दुकानातल्या सगळ्यांची नोकरी जाणार होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, आता झाडू घेऊन खाली पाडते मला! पण ती खमकी. तिने उलट फोन लावला. "साहेब, बंद करायच्या आधी एकदा हितं येऊन बसा. गुरुवारी लग्नाचा बस्ता हाय." साहेबांनी टाळलं. तिने रोज फोन करून पिच्छा पुरवला. शेवटी आले बाबा.

गुरुवारी दुधनीहून बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे सगळे कपडे एकदम घ्यायला, मंडळी आली. दोन्हीकडचे काका, मावश्या, आत्या, पोरंबाळं. मोजता मोजता माझी दमछाक झाली. साहेब दारातच उभे होते. नवरीची आजी सुंदरम्मा त्यांना मुलाकडचे पाहुणेच समजली. "बर्री, बर्री! बाहेर काय उभारलाव वो? आत या की!" असं कानडी-मराठीत म्हणत तिने त्यांना गादीवर बसवलं आणि पणतू त्यांच्या मांडीवर दिला.

मग साड्या उलगडल्या. आहेराचे टॉवेल-टोपी निघाले. एक काका रुसले, त्यांची समजूत काढता काढता चहा दोनदा झाला. दुपार कलल्यावर बिल निघालं. लांबलचक, पण एकच.

साहेबांनी ते वाचलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. "हे सगळे एकाच घरचे?"

"आज दोन घरचे हायत," सिद्धेश्वरी म्हणाली. "लग्न झालं की एक."

शाखा वाचली. आता सिद्धेश्वरी एकत्र आलेल्या प्रत्येक घोळक्यामागे एकदाच बटण दाबते, मग चार जण येवोत की चाळीस. तिचा आकडा आणि माझा, दोन्ही जोडीने पुण्याला जातात.

मी चुकलो नव्हतो, हे आजही ठासून सांगतो. पण साहेबलोकहो, मला वरून फक्त डोकी दिसतात. कोण कुणाबरोबर आलंय, ते दिसत नाही. तेव्हा कुणाची नोकरी घालवायच्या आधी स्वतः आत येऊन बसा. सरकून जागा देणारं कुणीतरी इथे असतंच.