छताखाली

“दामे, निघ आता भायेर! बोटं बघ कशी सुरकुतून गेली!”

महानंदा काठावरून ओरडत होती, पण आवाजात राग नव्हता. मे महिन्यात तेरणेला पाणी कुठलं; बंधाऱ्याखाली तेवढा एक डोह उरला होता. गल्लीतली पोरं पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधून त्यात धिंगाणा घालत होती. दामिनीचा डबा कधीच सुटला होता. ती बुडी मारायची आणि भलतीकडेच वर यायची, चूळ उडवत.

“आई, अजून एकडाव!”

“एकडाव एकडाव करत दुपार केलीस. भाकर वाळून चालली.”

उन्हाळ्याच्या सुटीत महानंदा गल्लीतली सगळी लेकरं घेऊन नदीवर यायची. भाकरी, शेंगाचटणी, कांदे फडक्यात बांधायचे आणि पोरांना दिवसभर पाण्यात सोडून द्यायचं. बाकीच्या आया बिचकायच्या. पाण्याचा काय भरवसा, म्हणायच्या. महानंदा म्हणायची, बुडणाऱ्याला हात तरी देता येतो. तिला भीती पाण्याची नव्हतीच. तिला भीती छताची होती.

भूकंपात तिची दोन लेकरं, व्यंकट आणि शिवकांता, मातीच्या माळवदाखाली सापडली. गणपती बुडवून, नाचून दमलेली पोरं आत झोपली होती. उकडतंय म्हणून महानंदा अंगणात आली, एवढाच काय तो तिचा गुन्हा. पुढे सगळा देश मदतीला धावला, पुढारी आले, फोटो निघाले, पत्र्याची शेडं झाली, मग हे नवं गाव झालं. लेकरं गमावलेल्या बायांची नसबंदी दवाखान्यात उलटवून मिळत होती. महानंदाने तेही करून घेतलं. त्यानंतर झालेली ही दामिनी. हिला छताखाली झोपवायचं नाही, हे तिच्या जन्माआधीच ठरलं होतं. अंगणात बाज, पावसाळ्यात वर ताडपत्री. पोरगी दहावीला गेली तरी तेच. गल्ली हसायची. हसेना का! हसणाऱ्यांतले निम्मे रात्री स्वतःच्या दाराला कडी लावत नव्हते.

आणि आता अण्णाराव, तिचा नवरा, पोरीला लातूरच्या क्लासला घालायला निघाला होता. दहावीचा निकाल लागायचा होता, पण सुटीतली बॅच सुरूही झाली होती. सुटीत शिकवतात आणि वर त्याला सुटीची बॅच म्हणतात, असलं शहाणपण लातूरलाच सुचावं.

“म्हैनाभर तरी राहू द्या तिला. पाण्यात खेळू द्या,” महानंदाने रडून पाहिलं होतं.

“पोरगी हुशार हाय. डाक्टर व्हईल,” अण्णाराव म्हणाला होता. मग चपला घालता घालता म्हणाला, “व्यंकट जित्ता निघाला हुता, महानंदे. डाक्टर न्हवता.”

तिने गोधडी धुवायला काढली.

नदीवरून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ते लातूरला पोचले. क्लासचंच मुलींचं वसतिगृह होतं, पुरुषांना वर बंदी. अण्णाराव पेटी पायरीवर ठेवून खालीच थांबला. पेटी, गोधडी आणि पोरगी घेऊन महानंदा जिने चढत राहिली. चौथ्या मजल्यावर पोचली तशी तिने आधी डोक्यावरचा स्लॅब पाहिला.

“मॅडम, खालची खोली द्या की.”

“खालचे मजले आमच्या परीक्षेत वर येणाऱ्या मुलींना,” रेक्टर मॅडम म्हणाल्या. “मुलगी पहिल्या शंभरात येऊ द्या, मग बघू.”

म्हणजे जीव वाचवायचा तरी आधी मार्क पाडायचे. महानंदाला हसावं की रडावं कळेना.

“मग गच्चीवर झोपू द्या तिला. हातरूण आणलंय मी.”

“गच्चीला कुलूप असतं.”

“ते का हो?”

मॅडम दाराकडे वळल्या. खोलीतली दुसरी मुलगी, अहमदपूरची उजमा, पुस्तकातून मान न काढता म्हणाली, “मागल्या साली एका पोरीनं वरून...”

“उजमा, वाचन कर!” मॅडम कडाडल्या आणि निघून गेल्या.

महानंदा खाटेवर बसली. इतकी वर्षं ती छत खाली येईल म्हणून भीत होती. छतावर जाऊन पोरी काय करतात, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

“अंगोळीला एक बादली,” उजमा दामिनीला हळूच सांगत होती. “तीबी टँकर आला तर.” दामिनी नुसती मान डोलवत होती.

महानंदा उठली. खिडकीखालची दामिनीची लोखंडी खाट तिने ओढायला घेतली. फरशीवर खाटेचे पाय करकरले. उजमाने मुकाट्याने आपलं टेबल सरकवलं.

“आई, काय करायलीस?”

“दारापाशी लावते. हिकडंच झोपायचं. जमीन हालली की वह्या बघायच्या न्हाईत, चपला बघायच्या न्हाईत. आधी पळायचं.”

“आई, हळू बोल की. समद्या बघायल्यात.”

दारात पोरी जमल्या होत्या. एकीने तोंडावर हात धरला होता. खाट अर्ध्या वाटेत आली, येण्याजाण्याला अडचण झाली, पण महानंदाने ती दाराला टेकवलीच. गोधडी पसरली, उशी दाराकडे केली. दामिनीच्या तोंडावरून हात फिरवला.

“कधी येशील गं?”

“दिवाळीला. तू जा आता, एसटी निघंल.”

महानंदाला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. कुणावर करावा, ते मात्र कळेना.

ती जिना उतरू लागली. एक मजला उतरली असेल नसेल, तोच वर फरशीवर लोखंड करकरलं. आवाज दाराकडून खिडकीकडे गेला आणि थांबला. मग पोरींचं हसू ऐकू आलं. त्यात दामिनीचंही होतं.

महानंदा कठडा धरून उभी राहिली. परत वर जावं, असं तिच्या मनात आलं. एक पाऊल तिने वरच्या पायरीवर टाकलंही. मग ते काढून घेतलं आणि ती खाली आली.

अण्णाराव लगबगीने पुढे झाला. “कशी हाय खोली?”

“चांगली हाय. खाट दाराला लावून आले.”

“पोरगी काय म्हनली?”

“काय म्हनंल? ऐकती ती माझं.”

एवढं बोलून तिने पदर डोक्यावर घेतला आणि त्याच्या पुढे चालू लागली.