अर्जावरचा पत्ता

मंगळवारी सकाळी पोलीस ठाण्यात नेहमीचीच वर्दळ होती. हवालदार हौसेराव जगतापांच्या टेबलावर पासपोर्ट पडताळणीचे कागद पडले होते आणि समोर ईश्वरी बसली होती. ती तुर्भ्याला एका औषध कंपनीत पॅकिंगच्या कामाला होती. नवऱ्याचं, सौरभचं, कोपरखैरण्याचं घर सोडून तिला महिना झाला होता, पण फोनमधून त्याने तिची पाठ सोडली नव्हती. तिच्या नावाने खोटं खातं काढून त्याने तिचे घरातले फोटो टाकले आणि खाली तिचा नंबर दिला. दिवसभर तिला परक्या पुरुषांचे फोन येत.

"साहेब, मी सारसोळ्याला मावशीकडे राहते. ते त्याला कळता कामा नये. परवा मेसेज आलाय, सापडलीस की हात तोडीन."

"टेन्शन घेऊ नका ताई. पण अर्जावर पत्ता लिवावा लागतोय," हौसेराव म्हणाले.

तिने विश्वासाने पत्ता लिहिला.

हौसेराव वाईट माणूस नव्हते. हे लिहिताना मलाच लाज वाटते, कारण वाईट माणसावर खापर फोडून आपल्याला मोकळं होता येतं. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कितीतरी जोडपी 'समोरासमोर बसवली' होती. नवरा-बायकोचा अर्ज आला की दोघांना बोलवायचं, चहा मागवायचा, समजुतीच्या चार गोष्टी सांगायच्या आणि कागद फाइलला लावायचा, ही त्यांची पद्धत. तिचा त्यांना अभिमानही होता. ईश्वरीचा अर्ज सायबर शाखेकडे जायला हवा होता, घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांना कळवायला हवं होतं. पण हौसेरावांच्या लेखी हा घरचा मामला. त्यांनी सवयीप्रमाणे अर्जाचा फोटो काढून सौरभच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं, 'गुरुवारी ११ वाजता हजर राहणे.'

सौरभ गुरुवारपर्यंत थांबला नाही. बुधवारी दुपारी ईश्वरीची मावशी मुक्ताबाई अंगणात जवळा वाळत घालत असताना तो फाटकातून आत आला. शेजारी धावून येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. संध्याकाळी त्याला अटक झाली.

गुरुवारी अकराला ईश्वरी आली. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, सोबत मुक्ताबाई.

"चहा सांगतो," हौसेरावांच्या तोंडून सवयीने निघालं.

"चा नको," मुक्ताबाई म्हणाल्या. "तो मना फोन दाखवीत व्हता. बोलला, बग, तुज्या पोलिसांनीच पत्ता दिलाय. पोरीनं तुमाला सांगितला व्हता ना?"

हौसेरावांनी जबाबाचा कागद पुढे ओढला. मोठ्या साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, आरोपीने पाठलाग करून पत्ता मिळवला असं जबाबात घ्या, ठाण्याचं नाव कुठे यायला नको. त्यांनी तसंच लिहिलं आणि खालच्या आवाजात वाचून दाखवलं.

"हे खोटं आहे," ईश्वरी म्हणाली. "हात मोडलाय, सही मी डाव्या हाताने करीन. पण खरं असेल त्याच्यावरच."

आपली इतक्या वर्षांची पद्धत हौसेरावांना त्या प्लास्टरवर स्पष्ट दिसत होती. शेवटी त्यांनी तो कागद फाडला, नवा घेतला आणि लिहिलं, 'माझा पत्ता आरोपीस हवालदार हौसेराव जगताप यांनी त्यांच्या मोबाइलवरून पाठवला.' साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं, तरी त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. ईश्वरीने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

जबाबात वरची पत्त्याची ओळ भरायची राहिली होती.

"आता कुठं राहणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला सांगू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं, सांगावं की नाही.

हौसेरावांनी ती ओळ कोरी सोडली आणि संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर लावला. तो त्यांच्या टेबलावरच्या काचेखालीच होता, मंगळवारीही तिथेच होता.